मुलं "मला गणित जमतच नाही" म्हणून पेन खाली ठेवतात, काय करावं?

खडूवाली:
सातवीला गणित शिकवते. वर्गात काही मुलं अशी आहेत की फळ्यावर उदाहरण लिहून व्हायच्या आधीच "मॅडम मला जमतच नाही". ग्रोथ माइंडसेटच्या (म्हणजे बुद्धी जन्मतः ठरलेली नसते, ती वाढवता येते हा विचार) ट्रेनिंगमध्ये सांगितलं तसे भिंतीवर तक्ते लावले, रोज "प्रयत्न कर, जमेल" म्हणते, आता तर मुलं ते वाक्य माझ्या आधीच म्हणून हसतात. आणि एक मुलगी जी खरंच खूप कष्ट करते ती परवा म्हणाली प्रयत्न तर करतेय मग मार्क तेवढेच का? काय सांगायचं तिला? कोणी प्रत्यक्ष वर्गात काही करून पाहिलंय का?

फळापुसणी:
त्या मुलीचं बरोबर आहे हो. नुसतं प्रयत्न कर म्हणजे तीच चुकीची पद्धत अजून दहा वेळा कर. ज्यांच्यामुळे हे सगळं गाजलं त्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेकबाईंनीच २०१५ मध्ये लिहिलं होतं की ग्रोथ माइंडसेट म्हणजे फक्त कष्टाचं कौतुक नव्हे, अडलं तर पद्धत बदलणं, मदत मागणं हेही त्यात येतं. पण ट्रेनिंगवाले तेवढंच नेमकं गाळतात.

मी काय करतो तर गाडी नक्की कुठे अडली ते मुलाकडूनच काढून घेतो. अपूर्णांकांचंच बघा, १/२ + १/३ = २/५ हे उत्तर दरवर्षी येतंच. चूक म्हणून फुली मारायची नाही, विचारायचं की अर्ध्यात काहीतरी मिळवलंस आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं रे? मग तो स्वतःच डोकं खाजवतो, शेजारच्याशी भांडतो, आणि छेद सारखे करायचे का ते त्याचं त्यालाच कळतं. असं झालं की "जमत नाही" आपोआप कमी होतं, वेगळं भाषण लागत नाही.

शंकेखोर:
विरजण घालायचं नाहीये पण ग्रोथ माइंडसेटकडून फार अपेक्षा ठेवू नका. २०१८ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा सरासरी परिणाम अगदी लहान निघाला. २०१९ चा अमेरिकेतला मोठा प्रयोग, नववीची सुमारे १२,००० मुलं, तासाभरापेक्षा कमी वेळाचा ऑनलाइन कोर्स, त्यात मागे पडलेल्या मुलांचे ग्रेड पॉइंट ४ पैकी साधारण ०.१ ने वाढले. म्हणजे शून्य नाही, पण जादूही नाही. त्यातली मला पटलेली गोष्ट ही की जिथे सोबतची मुलं अवघड उदाहरणं स्वतःहून घेत होती तिथे फायदा टिकला, बाकी ठिकाणी फारसा नाही. तक्ते काढून टाका, वर्गात चुकलेल्याला कोण हसतं तिकडे लक्ष द्या.

आकडेमोड:
सगळे मार्कांबद्दल गप्प का? तुम्ही कितीही म्हणा चुकलं तरी चालेल, पेपरवर ४/२० लाल अक्षरात दिसलं की मुलाने काय समजायचं? रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग आहे, काही मुलांना फक्त शेरा, काहींना फक्त मार्क, काहींना दोन्ही. फक्त शेरावाल्यांची कामगिरी आणि गोडी दोन्ही चांगली राहिली, आणि मार्क + शेरा दिलेल्यांचं मार्कवाल्यांसारखंच झालं, म्हणजे मार्क दिसले की शेरा वाया.

मार्क रजिस्टरला भरा, पण पेपर देताना फक्त शेरा, तोही "छान" "सुधारणा हवी" असला नको, "तिसऱ्या पायरीत चिन्ह बदललं" असा. दुरुस्त करून परत दिला की गेलेल्यातले थोडे मार्क परत. मार्क दुसऱ्या दिवशी सांगा.

खडूवाली:
हे करण्यासारखं वाटतंय. दुरुस्ती करून देणाऱ्यांना स्टार वगैरे देऊ का?

फळापुसणी:
जपून. १९७३ चा जुना प्रयोग आहे, चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधीच सांगितलं की काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं कमी चित्रं काढायला लागली. अचानक सर्टिफिकेट मिळालेल्यांचं तसं झालं नाही. अर्थात ज्याला गणित मुळातच आवडत नाही त्याची आवड कुठून कमी होणार 😄 पण मी तरी स्टार देत नाही, परत मिळालेले मार्क पुरतात.

खडूवाली:
ओके, सोमवारी अपूर्णांकांची टेस्ट आहे, शेरे लिहून पेपर देते. मार्क कुठे म्हणून पालकांचे फोन येतील ते वेगळंच.