मदत हवी आहे: सिमोन सिन्योरेचा तिसरा चित्रपट कोणता लावू?

नमस्कार मंडळी,

आमच्या फिल्म क्लबचे पुढचे तीन रविवार सिमोन सिन्योरेचे आहेत आणि निवड माझ्या गळ्यात पडलीय. फ्रेंच नटी म्हटलं की गाडी ब्रिजित बार्दोवर अडते, म्हणून हिचं नाव मीच हट्टानं पुढे केलं होतं.

दोन चित्रपट पक्के आहेत. १९५२चा 'कास्क दॉर' आणि १९७७चा 'मादाम रोझा'. पहिल्यात सोनेरी केसांची झळझळीत मारी, दुसऱ्यात जिना चढताना धापा टाकणारी म्हातारी. मध्ये फक्त पंचवीस वर्षं! रोझा केली तेव्हा बाई छप्पन्नच्या होत्या. सुटलेलं शरीर, सुजलेले डोळे, काही म्हणजे काही झाकलं नाही. त्याबद्दल सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कार मिळाला ते वेगळंच.

अडलंय तिसऱ्यावर. 'रूम ॲट द टॉप'नं तिला ऑस्कर दिलं, पण तो ब्रिटिश, इंग्रजीतला. 'ले दियाबोलिक' लोकांना खिळवून ठेवेल, पण त्यात मला तरी दुसरी नटी वेरा क्लुझोच जास्त लक्षात राहते.

शिवाय प्रास्ताविकात दुसऱ्या महायुद्धातल्या तिच्या दिवसांबद्दल किती बोलावं? वडील ज्यू, ते लंडनला निघून गेलेले. ही घर चालवायला पॅरिसमधल्या जर्मनधार्जिण्या वर्तमानपत्रात टायपिस्ट. मग ती नोकरी सोडून, आईचं माहेरचं आडनाव लावून किरकोळ भूमिका. दहा मिनिटांत हे सांगायचं, तर तिच्या नवऱ्याला, इव्ह मोंताँला, कुठे बसवू?

प्रतिसाद १
दोन्ही सोडा, 'आर्मी ऑफ शॅडोज' (१९६९) लावा. दिग्दर्शक मेलव्हिल स्वतः जर्मनांविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीत होता. जर्मन नर्सच्या वेशात ॲम्ब्युलन्स घेऊन गेस्टापोच्या (नाझी गुप्त पोलिसांच्या) तुरुंगात शिरणारी सिन्योरेची मातिल्द एकदा बघाच. वयानंही ती तुमच्या दोन टोकांच्या मधली. युद्धाचं सगळं त्याच रविवारी बोला. मोंताँला एक वाक्य पुरे, नवरा होता म्हणून अख्खा परिच्छेद कशाला?

प्रतिसाद २
'रूम ॲट द टॉप' इंग्रजीत आहे म्हणून कापणं पटलं नाही. ती त्यातही फ्रेंच बाईच आहे, आणि त्या गावात तिचं उपरं असणं त्यामुळेच बोचतं.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. मातिल्दकडे कल आहे, पण लांबी? साडेसहाला हॉल सोडावा लागतो.

प्रतिसाद १
१४५ मिनिटं. चारच्या ठोक्याला सुरू करा, मध्यंतर नको. भाषण आधी उरका.