मदत हवी आहे: बास्केट विणीचे खांब कमी होतात!

मैत्रिणींनो, क्रोशाची टोपलीसारखी दिसणारी बास्केट वीण शिकतेय. दादरहून सुती दोरा आणला (मुंबईच्या घामात लोकरीची शाल कोण पांघरणार?), सुई 4 मिमीची.

आधी साध्या खांबांची (खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन घातलेला उंच टाका) एक ओळ, मग 4 खांब पुढून आणि 4 मागून, म्हणजे टाका वरच्या साखळीत न घालता खालच्या खांबाच्या दांड्याभोवती. दोन्ही कडांना एकेक साधा खांब, एकूण 42. उलट बाजूने विणताना उठलेला दिसतो तो पुढून, दबलेला मागून, हे आता कळलंय. 4 ओळींनी चौकट बदलते (पुढूनच्या जागी मागून, मागूनच्या जागी पुढून), तेही जमतं. पण आठव्या ओळीला मोजले तर 39! डावी कड तिरकी. दोनदा उसवलं.

ओळीच्या सुरुवातीच्या 3 साखळ्या खांब म्हणून धरते, पण परत येताना त्यांच्या डोक्यात शेवटचा टाका घालायचा राहतोय का? की 2 साखळ्या घालून त्या मोजायच्याच नाहीत? तुम्ही कसं करता?

शिवाय वीण पुठ्ठ्यासारखी कडक होतेय. सुई 5 ची घेऊ का? लोकलमध्ये विणते, त्यामुळे मोजणी चुकते हेही खरंच.