हेडसेट काढला की भीती परत येते. व्हीआरचा उपयोग नेमका कसा करावा?

प्रश्न:
माझी धाकटी बहीण पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. लेखी परीक्षेत ती उत्तम गुण मिळवते, पण तोंडी परीक्षेचे नुसते नाव काढले तरी तिच्या छातीत धडधड सुरू होते आणि परीक्षकांसमोर बसल्यावर येत असलेले उत्तरही तोंडातून फुटत नाही. मन शांत व्हावे म्हणून ती सध्या व्हीआर हेडसेट (संगणकाने उभे केलेले आभासी जग डोळ्यांसमोर दाखवणारे उपकरण) लावून समुद्रकिनाऱ्याची आणि जंगलाची दृश्ये पाहते. तेवढा वेळ तिला खरोखर बरे वाटते, मात्र हेडसेट काढून अभ्यासाला बसली की भीती होती तेवढीच असते. भावना आवरण्यासाठी या तंत्राचा खरोखर उपयोग होतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (मानसशास्त्रज्ञ):
उपयोग होतो, परंतु आपली बहीण सध्या हेडसेटचा वापर केवळ लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी करत आहे. हा उपाय कमी प्रतीचा आहे असे मुळीच नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचे आभासी जग तयार केले. जखमांची मलमपट्टी चालू असताना रुग्ण त्यातील बर्फाच्या दरीत बर्फाचे गोळे फेकण्यात गुंतला की त्याला वेदना कमी जाणवतात. तिथे तेवढा वेळ निभावून नेणे हेच उद्दिष्ट असते. तोंडी परीक्षेची भीती मात्र पुन्हा पुन्हा समोर येणार आहे, आणि समुद्रकिनाऱ्यावर ती भीती जागीच होत नसल्यामुळे तिला तोंड देण्याचा सरावही होत नाही.

यासाठी उलट्या दिशेने जावे लागते. बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंचीची भीती असलेल्या विद्यार्थ्यांना आभासी पूल, सज्जे आणि काचेची लिफ्ट यांवर पायरीपायरीने नेले होते, आणि त्यांची भीती लक्षणीयरीत्या कमी झाली. आपल्या बहिणीच्या बाबतीत आभासी खोलीत आधी एकच सौम्य परीक्षक बसवता येईल. पुढे तिघे, त्यांतला एक घड्याळाकडे पाहणारा, दुसरा मध्येच उत्तर तोडणारा. अशा वेळी घाबरलेली व्यक्ती बहुधा टेबलाच्या कडेकडे किंवा स्वतःच्या हातांकडे पाहत राहते. तिची नजर कुठे आहे हे उपचारकाला पडद्यावर दिसते, त्यामुळे "आता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर द्या" असे तिथल्या तिथे सांगता येते. माझ्या मते या साधनाचे खरे बळ यातच आहे, कारण प्रत्यक्ष परीक्षेत तोच प्रसंग थांबवून पुन्हा घडवता येत नाही.

उत्तर २ (संशोधक विद्यार्थी):
वरील उत्तराशी मी सहमत आहे; श्वसनाविषयी थोडी भर घालतो. 'डीप' नावाच्या व्हीआर खेळात खेळाडू पोटाभोवती पट्टा बांधतो आणि समुद्राखालच्या जगात स्वतःच्या श्वासाच्या लयीवर पुढे सरकतो. मिनिटाला साधारण सहा श्वास इतका संथ वेग ठेवला की बहुतेकांमध्ये श्वासागणिक हृदयगतीत होणारा चढउतार वाढतो, आणि शरीराला शांत करणाऱ्या चेतासंस्थेचा त्यात मोठा वाटा असतो. शांत दृश्य नुसते पाहण्यापेक्षा हा सराव उपयुक्त ठरू शकतो, कारण श्वास परीक्षेच्या खोलीतही आपल्यासोबतच असतो.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. हे सर्व तिने घरी एकटीने करावे का?

उत्तर १ (मानसशास्त्रज्ञ):
श्वसनाचा सराव तिने घरी अवश्य करावा. ऑक्सफर्डमधील डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २०१८ मध्ये उंचीची भीती असलेल्या १०० प्रौढांवर केलेल्या चाचणीत आभासी मार्गदर्शकाच्या साहाय्याने, म्हणजे प्रत्यक्ष उपचारकाविनाही, भीती मोठ्या प्रमाणात कमी झाली होती. मात्र तो कार्यक्रम त्या एका भीतीसाठी काळजीपूर्वक बांधलेला होता. बाजारातल्या कोणत्याही ॲपला तो निष्कर्ष लावता येणार नाही. तिची भीती एखाद्या अपमानाच्या किंवा आघाताच्या आठवणीशी जोडलेली असेल, तिला फिट्सचे झटके येत असतील किंवा हेडसेटमुळे मळमळ होत असेल, तर आधी तज्ज्ञांना भेटणेच योग्य ठरेल. तसे काही नसल्यास आभासी परीक्षकांसमोरील प्रत्येक सरावानंतर, शक्य तितक्या लवकर, तिने तीच उत्तरे हेडसेटशिवाय आपल्यासमोर आणि नंतर एखाद्या कमी परिचयाच्या व्यक्तीसमोर मोठ्याने द्यावीत.