अनुभव धागा: आजीला 'डोळे दाखवायला' तालुक्याला नेलं होतं

बाभूळवन
आज बँकेत माझ्या पुढे एक म्हातारी होती. मुलाने तिचा हात धरून पैसे काढायच्या स्लिपवर अंगठा टेकवला. ती पदराला शाई पुसत बाजूला झाली. किती काढले ते तिला कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. मला एकदम आमची आजी आठवली.

धाकट्या काकाने तिला डोळे दाखवायला म्हणून तालुक्याला नेलं. संध्याकाळी आली ती खुशीत, हातात भज्यांचा पुडा. "डॉक्टरनं माझा फोटो काढला गं, अन् मशिनीवर अंगठा घेतला." आम्ही सगळ्यांनी भजी खाल्ली. डोळ्यांच्या डॉक्टरला अंगठा कशाला लागतो, हे घरात एकालाही सुचलं नाही. तिच्या नावचे चार एकर त्या दिवशी बक्षीसपत्राने गेले. वर्षभरात तिची खाट ओसरीवरून गोठ्याशेजारच्या पडवीत आली.

मारहाण नव्हती, शिवीगाळ नव्हती, म्हणून आम्ही त्याला छळ म्हटलंच नाही. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. कुणी वेळेत थांबवलं असेल तर तेही जरूर लिहा.

सुलूची आई
वाचून पोटात तुटलं. आमच्याकडे जमीन नव्हती, आईचीच वाटणी झाली. तीन भाऊ, चार-चार महिने. तिची निळी पिशवी कुठल्याच घरी पूर्ण रिकामी झाली नाही. "कशाला काढायचं, परत भरायचंच आहे." बीपीच्या गोळ्या संपत आल्या की 'आता पुढच्या घरी गेल्यावर आणतील'. कुकर झालाय, येते परत

जुना दप्तरी
प्रांत कार्यालयात नोकरी झाली माझी, म्हणून लिहितो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम 23 याच्यासाठीच आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करून ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. पोटगीही मागता येते, महिना 10,000 रुपयांपर्यंत. वकील लावावाच लागतो असं नाही. पण 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द कागदात असू द्या. नुसतं 'प्रेमापोटी' लिहिलेलं असलं की अट होती हे दाखवताना म्हातारी माणसं रडकुंडीला येतात, मी पाहिलंय. त्याहून बरं म्हणजे हयातीत काही नावावर करूच नका. मृत्युपत्र करा, ते कितीही वेळा बदलता येतं.

पश्चिमवारा
@बाभूळवन फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोटीस आली असेल ना? हरकतीला 15 दिवस असतात.

बाभूळवन
आली होती. काकानेच सही करून घेतली. आजीला वाचता येत नव्हतं, आम्ही पुण्यात.

मीठभाकर
माझ्या सासूबाई 76 च्या. एसटीचा प्रवास फुकट झाल्यापासून दर महिन्याला एकट्या बहिणीकडे जातात. आधी तिकिटाला पैसे मागावे लागायचे म्हणून जायच्या नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

सुलूची आई
किती छान! माझी आत्याही जाते. आधार कार्ड मात्र सोबत ठेवायला सांगा हं

मीठभाकर
हो हो, बटव्यातच असतं. बहिणीला दिलेल्या लोणच्याची बरणीही परत आणतात 😄

कोपऱ्यातली खिडकी
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. सासऱ्यांना स्मृतिभ्रंश. रात्री तीनला उठून चपला घालून दाराशी उभे, "मला घरी जायचंय". रोज. दिवसा माझी नोकरी. एका रात्री मी त्यांचं मनगट इतकं आवळलं की सकाळी वळ दिसला. त्यांना काही आठवत नव्हतं, मला विचारत होते, "सूनबाई, हे कशानं झालं?"

त्या दिवशी मी नवऱ्याला आणि नणंदेला बसवून स्पष्ट सांगितलं, मला एकटीला हे जमत नाही. आता शनिवार-रविवार नणंद नेते आणि रोज दुपारी शेजारच्या काकू दोन तास बसतात. काकू त्यांना शेंगा सोलायला देतात. बाबा तासभर शांत सोलतात. मी तेवढ्यात झोपते. त्यानंतर माझा हात कधी उठला नाही. सांभाळणाऱ्या बाईला विचारत जा हो, तू झोपलीस का म्हणून.

सुलूची आई
@कोपऱ्यातली खिडकी लिहिलंस ते फार बरं केलंस. जवळ असतीस तर डबा पाठवला असता.

पश्चिमवारा
मी दुबईत, आई सांगलीत, दिवसभराची बाई ठेवलेली. रोज व्हिडिओ कॉल. आई म्हणायची "हो, बरं आहे". सहा महिने एवढंच. मला वाटलं वयाने अबोल झाली. एकदा चुकून बाई दुधाला गेलेली असताना फोन लागला आणि आई अर्धा तास बोलली. जेवण दुपारी एकदाच मिळत होतं. बाई फोनच्या मागे उभी राहायची म्हणून बोलता यायचं नाही. मावसभाऊ त्याच दिवशी गेला. आता बाई दुसरी आहे, आणि फोन मी वेळ बदलून करतो.

जुना दप्तरी
14567 सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, फुकट आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. शेजाऱ्यानेही केला तरी चालतो.

मीठभाकर
@बाभूळवन आजींनी तक्रार का नाही केली?

बाभूळवन
मी विचारलं होतं, पडवीत तिच्या खाटेवर बसून. म्हणाली, "पोटचा आहे. पोलिसांनी नेलं तर पाणी कोण देईल मला?" मग थोरल्या आत्याने काही न विचारता तिचं गाठोडं उचललं आणि रिक्षात बसवलं. शेवटची तीन वर्षं ती आत्याकडेच होती, खिडकीजवळच्या खाटेवर.