मदत हवी आहे: विडी-सिगारेट कधीच ओढली नाही, तरी आईला सीओपीडी कसा?

नमस्कार. आई ६३ वर्षांची आहे. गाव कोरेगाव तालुक्यात, आजूबाजूला सगळा ऊस. नुकतीच तिची स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) झाली आणि छातीच्या डॉक्टरांनी सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याच्या आजाराचं निदान केलं. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न: हा तर विडी ओढणाऱ्यांचा आजार, हिला कसा?

लक्षणं सांगते. सकाळी उठल्या उठल्या खोकला, पांढरट बेडका, मग तासाभरात आराम. हे कितीतरी वर्षांचं, तिच्या अंगवळणी पडलेलं. धाप मात्र अलीकडची. आधी फक्त चढावर लागायची, आता न्हाणीतून बाहेर आली की कॉटवर बसते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवते आणि शीळ घालावी तसे ओठ करून हळूहळू श्वास सोडते. त्या वेळी काही विचारलं तर नुसती मान हलवते. ताप नाही, बेडक्यात रक्त नाही, टीबीची तपासणी निगेटिव्ह. एक्स-रेमध्ये फुप्फुसं फुगल्यासारखी दिसतात म्हणाले.

स्पायरोमेट्रीत आधी एकदा फुंकायला लावलं, मग पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि पूर्ण फुंकलेली हवा यांचं गुणोत्तर औषधानंतरही ०.५८ आलं. ०.७० च्या खाली म्हणजे श्वासनळ्या अरुंद झाल्यात, असं त्यांनी समजावलं. याआधी गावच्या दवाखान्यात दमा म्हणून गोळ्या चालू होत्या.

मग डॉक्टरांनी विचारलं, स्वयंपाक कशावर करायच्या? आईने जे सांगितलं ते ऐकून माझ्या पोटात कालवलं. लग्न होऊन आल्यापासून चूल. जळण म्हणजे शेणी आणि उसाची चिपाडं, पावसाळ्यात तीही ओली. फुंकणी घेऊन जाळाशी तोंड नेऊन बसायचं. शिवाय आजीची आणि स्वतःची मिश्री तीच भाजायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत परतताना जो धूर निघतो, तो ज्यांच्या घरात होता त्यांना वेगळा सांगायला नको. अंगणात उभ्या माणसालाही ठसका लागतो.

पण घरी गॅस येऊन दहा-बारा वर्षं झाली. चूल सुटली, मग त्रास आता का वाढतोय? दुसरं म्हणजे, काका म्हणतात पंप एकदा लागला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळ्या बऱ्या. आई त्यांचंच ऐकते. कुणाच्या घरी हा आजार असेल किंवा कुणी या क्षेत्रात असेल, तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी श्वसनविकारांच्या रुग्णांसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. चुलीच्या धुराने सीओपीडी झालेल्या, कधीच धूम्रपान न केलेल्या बायका आमच्याकडे नेहमी येतात. गॅस आल्याने नवी इजा थांबली, पण वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, मोडलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत. त्यात वयानुसार सगळ्यांचीच फुप्फुसांची ताकद घटते. फुप्फुसांत राखीव क्षमता भरपूर असते, त्यामुळे धाप जाणवेपर्यंत बरीचशी खर्ची पडलेली असते. लहानपणी वारंवार न्यूमोनिया किंवा पूर्वी कधी टीबी झाला होता का, तेही डॉक्टरांना सांगा. त्यानेही असं होतं.

पंपाची सवय लागत नाही. आजार कायमचा असतो, म्हणून औषध कायम लागतं. गोळीतलं औषध रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं, पंपातलं थेट श्वासनळ्यांत जातं, म्हणून फार थोडं पुरतं. सोबत स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरा, पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायला लावा. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोरच पंप ओढून दाखवू दे. औषध लागू पडत नाही म्हणणाऱ्या कितीतरी जणांची ओढायची पद्धतच चुकलेली असते.

बेडका वाढला, हिरवट-पिवळा झाला किंवा धाप नेहमीपेक्षा जास्त वाटली तर थांबू नका, लगेच दाखवा. ओठ-नखं निळसर दिसली, गुंगी आली, बोलणं असंबद्ध झालं तर तडक मोठं रुग्णालय गाठा. घरी सिलिंडर आणून मनाने ऑक्सिजन लावू नका. या रुग्णांना तो जास्त झाला तरी धोका असतो, रक्तातली ऑक्सिजनची पातळी साधारण ८८ ते ९२ टक्के राहील अशा बेताने देतात. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. आणि धाप लागते म्हणून त्यांना बसवून ठेवू नका. बसून पायांची ताकद जाते आणि मग धाप आणखी वाढते.

धागाकर्ती:

मनापासून आभार. हा प्रतिसाद काकांना मोठ्याने वाचून दाखवला. पंप आजपासून सुरू. मिश्री ती अजून लावते, पण घरात भाजणं बंद करणार आहे, सोडवण्याचंही बघतो. आता काळजी तोडणीची आहे. ऊस गेला की शेजारच्या रानात पाचट पेटवतात आणि तेव्हा तिला फार त्रास होतो. आमच्या रानात आम्ही पाचट सरीत कुजवतो. शेजाऱ्यांशीही बोलणार आहे, निदान पेटवायच्या आदल्या दिवशी तरी कळवा म्हणून. साताऱ्यात अशा रुग्णांचा व्यायाम शिकवणारं कुणी आहे का? पुण्याला दर आठवड्याला नेणं तिला झेपणार नाही.