पॅकेजांची नोंद मजकुरात असावी की एसक्यूलाइटमध्ये?

धागाकर्ता
एखादी फाइल कोणत्या पॅकेजची (एकत्र बसवल्या जाणाऱ्या फाइलींच्या संचाची) आहे, असे डेबियन या लिनक्स वितरणावर डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला विचारले की ते प्रत्येक पॅकेजची फाइलयादी वाचून काढते आणि मगच उत्तर देते. संगणक नुकताच सुरू झालेला असेल आणि हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची असेल, तर हजारो लहान फाइली उघडण्यातच वेळ जातो आणि एका ओळीच्या उत्तरासाठी ताटकळावे लागते. हीच नोंद एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवून फाइलच्या पाथवर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) बांधला, तर डेटाबेसची मोजकी पाने वाचून काम भागते. शिवाय एसक्यूलाइट प्रोग्रॅमच्या आतच राहणारी लायब्ररी असल्यामुळे वेगळा सर्व्हर चालवावा लागत नाही. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पीकेजी या पॅकेज साधनाने हे कधीच केले आहे. डेबियननेही करावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
असहमत. पॅकेजांच्या नोंदीची खरी गरज यंत्र बिघडलेले असते तेव्हा पडते. अपग्रेड चालू असताना वीज गेली, तरी डीपीकेजीची स्टेटस फाइल (पॅकेजांची स्थिती नोंदवणारी मजकूर फाइल) कोणत्याही एडिटरमध्ये उघडते, कोणते पॅकेज अर्धवट राहिले ते डोळ्यांनी वाचता येते आणि आधीची प्रत शेजारीच असते. फेडोरासारख्या वितरणांतील आरपीएम या पॅकेज साधनाची नोंद बर्कली डीबी या डेटाबेसमध्ये होती, तेव्हा ती बिघडली की नोंद पुन्हा बांधणारी ‘रीबिल्डडीबी’ आज्ञा चालवणे हा नेहमीचाच उपाय होऊन बसला होता.

धागाकर्ता
पण तेवढा त्रास सोसूनही आरपीएम मजकुराकडे वळले नाही, हे लक्षात घ्यावे. 4.16 या आवृत्तीत एसक्यूलाइटची सोय आली आणि 2020 मध्ये फेडोरा 33 ने तीच डीफॉल्ट केली. त्यामागे परवान्याचेही कारण होते: ओरॅकलने 2013 मध्ये बर्कली डीबीच्या नव्या आवृत्तीला एजीपीएल हा अधिक कडक परवाना लावल्यावर अनेक वितरणे 5.3 या जुन्या आवृत्तीवरच थांबली होती. वीज गेल्यास एसक्यूलाइट जर्नलच्या (बदलांच्या नोंदवहीच्या) आधारे अपुरे ट्रान्झॅक्शन (एकत्र करायच्या बदलांचा गट) मागे घेते. यादी नवी आणि स्टेटस जुनी, असा घोळ त्यात राहत नाही.

प्रतिसाद २
मूळ नोंद मजकुरातच ठेवावी आणि एसक्यूलाइट केवळ शोधासाठी वापरावे. पॅकेजे शोधून उतरवणाऱ्या एपीटी या डेबियनच्या साधनाची बायनरी कॅश (झटपट वाचनासाठीची प्रत) अशीच आहे. ती पुसली तरी याद्यांवरून पुन्हा तयार होते.

प्रतिसाद १
ही सूचना मला अधिक पटते, मात्र इंडेक्स शिळा झाला हे ओळखणार कसे? डीलोकेट हे साधन शोधासाठी वेगळी नोंद ठेवते, परंतु ती क्रॉनने (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेने) दिवसातून एकदाच ताजी होते. डीपीकेजी स्वतः यादी बदलते तेव्हा नवी फाइल लिहून तिला जुन्या नावावर आणते, त्यामुळे डिरेक्टरीची वेळ बदलते आणि बदल कळतो. पण एखाद्याने तीच फाइल एडिटरने जागच्या जागी दुरुस्त केली, तर डिरेक्टरीची वेळ बदलेलच असे नाही. मग प्रत्येक यादीची वेळ तपासणे आले. ते सगळे वाचण्यापेक्षा स्वस्त असले, तरी हजारो फाइलींना हात लावावा लागतोच, आणि हा खर्च वजा करून उरणारा वेग मोजून दाखवल्याशिवाय हा बदल डीपीकेजीच्या गाभ्यात घेऊ नये.