घर की शेअर? एका पेटीत सापडलेले दोन दाखले (अनुभव धागा)

मुलुंडकर
आमच्या सोसायटीने पुनर्विकासासाठी प्रत्येक सभासदाकडून मूळ भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) मागवला आहे, म्हणून परवा बाबांची पत्र्याची पेटी उघडली. दाखला लगेच मिळाला: प्रत्येकी ५० रुपयांचे ५ भाग, एकूण २५० रुपये, खाली पदाधिकाऱ्यांच्या सह्या आणि कडेला सोसायटीचा उमटवलेला शिक्का. त्याच पिशवीत त्याला चिकटून दुसरा एक दाखला निघाला. साबण बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीचे २० शेअर, बाबांच्या नावावर, १९७८ सालचे.

फेरा कायद्यामुळे (परकीय चलन नियमन कायदा) त्या काळी परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा साधारणपणे ४० टक्क्यांवर आणावा लागत होता आणि शेअर कोणत्या भावाने विकायचा हे सरकारी नियंत्रक ठरवत असल्यामुळे तो नोकरदारालाही परवडत असे. बाबांनी असे १०० शेअर घेतले होते, असे आईला आठवते. त्यांतले ८० त्यांनी १९८४ साली विकले आणि याच घराच्या पहिल्या हप्त्यात घातले. घर १ लाख ४० हजारांचे होते.

रात्री मी हिशेब मांडून बसलो. आज आमच्या इमारतीत एवढ्याच घराला १ कोटी ५ लाख सांगतात. म्हणजे ४१ वर्षांत ७५ पट, चक्रवाढीने दर साल दर शेकडा ११ च्या आसपास. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स १९८४ साली अडीचशेच्या जवळपास होता आणि २०२५ साली ८० हजारांच्या वर होता. म्हणजे तीनशे पटींहून अधिक, दर साल दर शेकडा १५, आणि लाभांश त्याहून वेगळा. बाबांचे चुकले असे मला मुळीच म्हणायचे नाही, कारण याच घरात आम्ही तिघे भावंडे वाढलो. पण तेव्हापासून मनात घोळते आहे की मुंबईत राहणाऱ्या माणसाने हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवावेत तरी कसे. आपापले अनुभव कृपया लिहा.

घाटकोपरची लेखापाल
आपल्या हिशेबातून भाडे सुटले आहे. ४१ वर्षे आपल्या कुटुंबाने घरभाडे दिले नाही, ती बचत घराच्या बाजूला धरली पाहिजे. मुंबईत घराच्या किमतीच्या मानाने वार्षिक भाडे दोन ते तीन टक्केच मिळते, हे खरे; तरीही तेवढे मिळवले तर ११ आणि १५ मधले अंतर बरेच कमी होते. उलट बाजूला सोसायटीची मासिक वर्गणी, मालमत्ता कर, दुरुस्ती आणि कर्जाचे व्याज वजा करावे लागेल. शिवाय १९८४ साली सेन्सेक्स विकत घेण्याची सोयच नव्हती, एकेक कंपनी निवडावी लागत होती आणि तेव्हाच्या कितीतरी नामांकित कंपन्या आज त्या यादीत नाहीत.

लालबागकर
वरच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितो. माझे वडील आमच्या घराजवळच्याच एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. गिरणीचा पंचा, गिरणीचे धोतर, तसा गिरणीचा शेअरही घरात असावा, एवढ्याच भावनेने त्यांनी आपल्याच गिरणीचे ५० शेअर घेतले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि आमची गिरणी नंतर पूर्वीसारखी कधीच चालली नाही. वडिलांची नोकरी गेली आणि शेअरचाही कागद झाला. लाभांशाचे पाकीट येणे थांबले, पुढे बाजारातले व्यवहारही थांबले.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहितो आहे ती सांगतो. गिरणीचा माग, साचा, चिमणी या कशालाच किंमत उरली नाही; पण त्याखालच्या जमिनीला इतकी आली की आज तिथे उभा असलेला मनोरा आमच्या गॅलरीतून मान वर केल्याशिवाय पूर्ण दिसत नाही. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतला वाटा, असे पुस्तकात लिहिलेले असते. जमीन त्याच कंपनीची होती. तरीही कर्जे, थकीत देणी आणि कोर्टाच्या तारखा यांतून तो पैसा खालपर्यंत, ५० शेअरवाल्या जॉबरपर्यंत आला नाही. म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत २०१२ साली काढली, तोवर वडील गेले होते. मला शेअरबाजाराचा राग नाही, माझी मुलगी म्युच्युअल फंडात दरमहा एसआयपी, म्हणजे ठरावीक हप्ता, भरते आणि मीच तिला भर म्हणून सांगितले. मात्र एकाच कंपनीत नोकरी आणि बचत दोन्ही ठेवायची नाही, हे तिच्याकडून मी वदवून घेतले आहे.

गिरगावातून
लालबागकर, वाचून फार वाईट वाटले. आमच्याकडे पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली, खोली आहे. भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर, भाडे महिन्याला दोन आकडी. आजूबाजूचे लोक तिला मालमत्ता म्हणतात आणि एका अर्थी ती आहेही, कारण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीचा व्यवहार वैध ठरवला. पण विकायची झाली तर मालकाची संमती आणि त्याचा वाटा आलाच. बँक तिच्यावर सहज कर्ज देत नाही. म्हणून आमच्या घरी नेहमी म्हणतात की खोली ही राहण्यासाठी, संपत्ती म्हणून मोजायची नाही.

फोर्टमधला जुना कारकून
मी एका उपदलालाच्या कचेरीत होतो, त्यामुळे १९९२ जवळून पाहिले. एप्रिलमध्ये सेन्सेक्स ४,४६७ पर्यंत गेला होता आणि मे २००३ च्या सुरुवातीला तो ३,००० च्या आसपास होता. ‘दीर्घ मुदतीत बाजार वाढतोच’ असे म्हणणाऱ्यांनी ही अकरा वर्षे डोळ्यांसमोर आणावीत. त्या एप्रिलमध्ये मी स्वतः भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन ३० हजार लावले होते.

तेव्हा शेअर म्हणजे खरोखरच कागद असे. हस्तांतरणाच्या अर्जावर विकणाऱ्याची सही नमुन्याशी जुळली नाही की ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणून सगळा गठ्ठा परत येई. माझे दोन गठ्ठे असेच सात महिने फिरत राहिले आणि तेवढ्यात भाव निम्म्यावर आला. १९९६ नंतर डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी संगणकावरची शेअरची नोंद, आले आणि हा त्रास संपला. मात्र घरांनाही याच काळात उतरती कळा लागली होती, हे आज कोणी सांगत नाही. १९९५ च्या सुमारास चढ्या भावाने घर घेतलेल्या माझ्या मेहुण्याला तोच भाव पुन्हा दिसायला जवळपास दहा वर्षे लागली. फरक एवढाच की त्याच्या घराचा भाव रोज सकाळी वर्तमानपत्रात छापून येत नव्हता, म्हणून तो शांत झोपत होता आणि मी झोपत नव्हतो.

कांजूरमार्ग
शांत झोप प्रत्येक घरात मिळत नाही, दादा. २०११ मध्ये नोंदणी केली, २०१४ चा ताबा कबूल केला होता, प्रत्यक्षात २०२० मध्ये मिळाला. सहा वर्षे घरभाडे आणि कर्जाचा हप्ता बरोबरीने भरले. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नसल्यामुळे नंतरही दीड वर्ष टँकरचे पाणी विकत घेतले. महारेरा (गृहप्रकल्पांचे नियामक प्राधिकरण) १ मे २०१७ पासून लागू झाल्यावर तक्रार केली, विलंबाच्या व्याजाचा आदेशही मिळाला, वसुली मात्र अजून अर्धवट आहे. घराचा परतावा काढताना ताबा न मिळालेली वर्षे कोणीच धरत नाही. ती धरा आणि मुद्रांक शुल्काचे सहा टक्केही धरा.

ठाकुर्लीची परिचारिका
ड्यूटीवरून आले आहे, थोडक्यात लिहिते. फेब्रुवारी २०२० च्या शेवटी माझ्या यजमानांची हृदयशस्त्रक्रिया ठरली. आमच्याकडे राहते घर, गावाकडे न घेता बदलापूरला घेतलेले दुसरे घर आणि म्युच्युअल फंडाची युनिट्स एवढेच होते. बदलापूरच्या घराला गिऱ्हाईक मिळाले, बयाणाही घेतला, आणि मार्चच्या अखेरीस टाळेबंदीत नोंदणी कार्यालयच बंद झाले. बाजार चालू होता, पण जानेवारीत ४२ हजारांच्या आसपास गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २५,९८१ वर बंद झाला होता. मी दुसऱ्याच दिवशी युनिट्स विकली, पैसे आठवड्याच्या आत खात्यात आले आणि रुग्णालयाचे बिल भागले. त्याच वर्षअखेर सेन्सेक्स ४७ हजारांवर होता, हे मला माहीत आहे, तरी त्या विक्रीची खंत मला कधीही वाटली नाही. यजमान आता रोज संध्याकाळी चालायला जातात. त्यानंतर आम्ही दोन वर्षांचा खर्च मुदत ठेवीत ठेवतो आणि मगच उरलेल्याचा विचार करतो.

पार्ल्याची थोरली
वहिनी, यजमानांना उदंड आयुष्य लाभो. आम्ही तीन भावंडे. आईचे शेअर समान वाट्याने तीन खात्यांत गेले, कागदपत्रांना दोन महिने लागले, वाद झाला नाही. आईच्या घराचे तीन तुकडे होत नाहीत. धाकटा तिथेच राहतो, त्याला आमचा वाटा विकत घेणे परवडत नाही आणि त्याला बाहेर काढणे आम्हा दोघींना जमणार नाही. नामनिर्देशन त्याच्या नावाने होते म्हणून घर त्याचेच, असे त्याला काही वर्षे वाटत होते. पण नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने सांभाळणारी असते, मालक नव्हे. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. मुलुंडकर, तुम्हीही तिघे आहात, पुनर्विकासाचा करार होण्याआधीच एकत्र बसून लिहून ठेवा.

फोर्टमधला जुना कारकून
मुलुंडकर, त्या २० शेअरचे काय केलेत? सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल तर ते आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे वर्ग झालेले असतील. मिळतात, घाबरू नका. आधी कंपनीच्या निबंधकाकडे (कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था) वारसनोंद करून घ्या, मग आयईपीएफ-५ हा अर्ज भरा. १९७८ पासूनचे बोनस शेअर आणि शेअरचे विभाजन धरता २० चे आज किती झाले असतील हे निबंधकच सांगेल. मूळ दाखला मात्र लॅमिनेट करू नका.

मुलुंडकर
सर्वांचे मनापासून आभार. लालबागकरांचा अनुभव आईला वाचून दाखवला, तिचे माहेर करी रोडचे आहे. तिने मग सांगितले की बाबांनी ते २० शेअर विसरून ठेवले नव्हते. विकायला काढलेल्या गठ्ठ्यातून तिनेच ते बाजूला काढले होते, घराला अडचण आलीच तर असावेत म्हणून. काल दोन्ही बहिणींशी बोललो, रविवारी तिघे बसणार आहोत. वारसनोंदीसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा कोणाकडे असल्यास कृपया पाठवावा, मी गुरुवारी निबंधकाच्या कार्यालयात जाणार आहे.